देऊ नये

४ जून

आत्या,

पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं ते मला धड येत नाही, तेव्हा वाकून नमस्कार केला असं समज आणि पुढे वाच. फोनवर मी ओरडायचं, तू "काय? काय?" करायचं आणि शेजारच्यांनी खिडकीतून डोकवायचं, त्यापेक्षा हे बरं.

वाचनालयात तुझ्या खुर्चीवर बसून मला आज चार महिने झाले. देवघेवीचं काम जमतं. पुस्तक आलं, शिक्का, गेलं, शिक्का. पण आता साहेबांनी एक नवीनच काढलंय. दारातून आत आल्या आल्या डाव्या हाताला एक फळी ठेवलीय आणि वर पाटी, "आमच्या आवडीचं". तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्याला मनापासून आवडलेली पाच पुस्तकं नाहीतर सिनेमांच्या डिस्क ठेवायच्या आणि प्रत्येकीत आपल्या अक्षरात चिठ्ठी घालायची, की हे का आवडलं. बाइंडरकाकांनी अर्ध्या तासात काम उरकलं. पाचही मारामारीचे सिनेमे, आणि पाचही चिठ्ठ्यांवर "चांगला आहे". एकाच पेनाने, एका दमात. लोक ते धडाधड नेतायत.

माझी मात्र भंबेरी उडालीय. आठ चिठ्ठ्या लिहिल्या आणि आठही फाडल्या. शाळेतल्या निबंधासारखं होतं सगळं. समोर माणूस उभा राहून "काहीतरी छान सुचवा" म्हणाला की माझ्या डोक्यातली सगळी कपाटं एकदम रिकामी होतात. काल ते निवृत्त सर्व्हेयर आले होते, पायाला पट्टी बांधणारे. मी विचारलं, तुम्हाला कशा प्रकारचं आवडतं? तर म्हणाले, त्या बाईंनी कधी विचारलं नाही, नुसतं हातात ठेवायच्या. आणि माझ्याकडे अशा नजरेने बघून गेले, जणू मी तुझं घर बळकावून बसलेय.

तेव्हा आत्या, तू एकतीस वर्षं हे कसं केलंस ते सविस्तर लिही. "अनुभवाने येतं" असलं काही लिहू नकोस. ते मला बाबाही सांगतात.

तुझी भाची

*

११ जून

बाळ,

तुझं पत्र सुनेने वाचून दाखवायला मागितलं, मी दिलं नाही. इथे मुलाच्या घरी सगळे माझी काळजी घेतात. मला कपबशीसुद्धा उचलू देत नाहीत. त्यामुळे कुणीतरी काम सांगितलं याचा फार आनंद झाला.

पहिली गोष्ट, आवड विचारू नये. आवड विचारली की माणूस खोटं बोलतो. मागच्या वेळी नेलेलं पुस्तक परत करताना तो ते कसं ठेवतो ते बघ. टेबलावर आपटतो, हळूच सरकवतो, की हातातून सुटत नाही? यातच सगळं कळतं. सर्व्हेयरना समुद्राचं काहीही दे. जन्मभर जमीन मोजली, कंटाळलेत.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीत पुस्तकाची स्तुती करू नकोस. तू ते कुठे वाचलंस, वाचताना काय करपलं, कोणत्या पानावर उठून पाणी प्यायलीस, ते लिही. सिनेमाचंही तसंच. तो रेल्वे फाटकवाल्याचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुझ्या बाबांशी माझं भांडण झालं होतं आणि सिनेमा संपल्यावर भांडण कशावरून ते आठवेना. एवढंच मी चिठ्ठीत लिहिलं होतं. ती डिस्क झिजली.

तिसरी गोष्ट मी स्वतः पाळली नाही, म्हणून तुला सांगते. "हे तुमच्यासाठीच लिहिलंय बघा" असं कुणाला म्हणू नकोस. मी हे वाक्य हजार वेळा म्हटलं असेन. लोक खूश होतात, आपल्यालाही मोठं झाल्यासारखं वाटतं. आपण काही कुणाला ओळखत नसतो. टेबलाच्या पलीकडे त्याचं घर असतं, त्याची माणसं असतात, आणि पुस्तक तिकडे जाऊन काय करतं हे आपल्याला कळत नाही.

असो. फार शहाणपणा झाला. बाइंडरकाकांना म्हणावं, पाच चिठ्ठ्या वेगवेगळ्या लिहा, नाहीतर मी येऊन उभी राहीन.

आत्या

*

२३ जून

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि पहिल्यांदा एक चिठ्ठी न फाडता लिहिली. सर्व्हेयरना दर्यावर्द्यांचं जाडजूड पुस्तक नुसतं हातात ठेवलं. जाताना त्यांनी दार हळू लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

आता तुझ्यासाठी एक गंमत केलीय. रागावू नकोस. नव्या डिस्कना जागा हवी म्हणून मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट मी रिकामं करायला घेतलं. जुन्या दाखलवह्यांच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक सापडलं. वर तुझ्या अक्षरात, "देऊ नये". उघडलं तर काय, होडी बांधणाऱ्या बाईची कादंबरी! जिची गोष्ट तू मला लहानपणी वेणी घालताना सांगायचीस, ती घर सोडून नदीकाठी जाऊन राहते ती. मला वाटलं होतं हरवली. मग लक्षात आलं, तू संदर्भग्रंथांवर "घरी देऊ नये" लिहायचीस तसं चुकून यावरही लिहिलं असशील, आणि ते तिथेच राहून गेलं. म्हणून मी ती पुसून, पाठ चिकटवून, फळीवर ठेवली. चिठ्ठीत लिहिलं, "एकतीस वर्षं इथे बसलेल्या आमच्या बाईंचं सगळ्यात लाडकं पुस्तक."

दुपारच्या आत गेलं! चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी नेलं. त्या दर शुक्रवारी येतात ना, हसरे सिनेमे नेतात. चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, इतकी वर्षं येतेय, बाईंनी मला त्यांचं लाडकं पुस्तक कधी दिलंच नाही की. त्या उलटसुलट करून मुखपृष्ठ बराच वेळ बघत होत्या. निळी होडी आहे त्यावर, मळलेली.

एक मात्र तुला चिडवल्याशिवाय राहवत नाही. आतल्या तारखेच्या पट्टीवर बघितलं. पुस्तक गेलं अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या सतराला. आणि परत आल्याचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा! दोन वर्षं, आत्या! दोन दिवस उशीर झाला तर लोकांच्या दारात जाऊन उभी राहणारी तू! कोण होता एवढा भाग्यवान?

तुझी भाची

*

२९ जून

पत्र मिळताच ते पुस्तक परत माग. बुरशी आहे म्हण, पानं गळलीत म्हण, साहेबांनी मागितलं म्हण. काहीही सांग. त्यांनी वाचलं असलं तरी मागून घे आणि पट्टी फाडून टाक. फोन करायचा तर सुनेला शेजारी उभं करावं लागेल, म्हणून लिहितेय. उशीर करू नकोस.

आत्या

*

६ जुलै

आत्या,

उशीर झालाच. तुझं पत्र आलं त्याच्या आधीच चष्म्याच्या दुकानातल्या बाई वाचनालयात येऊन गेल्या होत्या. ते कसं घडलं ते सांगते, म्हणजे तूही मला काहीतरी सांगशील.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. शनिवारी सकाळी मी कुलूप उघडत होते तेव्हा पायरीवर बसलेल्या होत्या, पिशवी मांडीवर. आत आल्या आणि विचारलं, या कादंबरीच्या वाचनालयात किती प्रती आहेत? मला वाटलं मैत्रिणीसाठी हवी असेल. मी दाखलवही काढून मोठ्या उत्साहाने बघितलं आणि सांगितलं, एकच. पहिल्यापासून एकच. तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

त्यांना एक मुलगी होती हे मला माहीत नव्हतं. तूही कधी बोलली नाहीस. एकोणीस वर्षांची असताना ती घरातून गेली, ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला. त्यांनी पोलिसात सांगितलं, नातेवाइकांकडे विचारलं, काही पत्ता लागला नाही. जाताना तिने कपडे थोडेच नेले. पण त्या आठवड्यात उशाशी निळ्या होडीचं एक पुस्तक असायचं, ते नव्हतं. बाईंनी ते घरभर शोधलं होतं, कारण तिने काय काय नेलं याची त्या तेव्हा यादी करत होत्या. ते वाचनालयाचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, ते वरून घसरलेलं त्यांनी एकदाच बघितलं होतं.

हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, आवाज न चढवता. मग पट्टी माझ्यापुढे उघडून परत आल्याच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"ती हे घेऊन गेली. मग परत कुणी आणून दिलं?"

आत्या, मी दाखलवही मिटली. म्हटलं, मी विचारते. त्या म्हणाल्या, विचार. आणि पुस्तक पिशवीत घालून गेल्या. ते त्या आता देणार नाहीत आणि मी मागणारही नाही. पट्टी फाडून टाक असं तू मला लिहिलंस. मला, जिला तू शिकवलंस की शिक्का चुकला तरी खोडायचा नाही, शेजारी बरोबर मारायचा.

कुणी आणून दिलं?

*

१४ जुलै

बाळ,

कुणी आणून दिलं नाही. पोस्टाने आलं.

ती मुलगी रोज यायची. दुकान बंद व्हायच्या आधी तासभर आईकडून सुटका करून घ्यायची. वडील तिच्या लहानपणीच गेलेले, दुकानात दोघीच. तिला पुढे शिकायचं होतं, दुसऱ्या गावी, आणि प्रवेशाचं पत्र काही येत नव्हतं. ती वाचनालयातल्या काचेच्या कपाटांकडे अशी बघायची की मला वाटायचं ही आता त्यातून पलीकडे जाईल. एक दिवस म्हणाली, बाई, काहीतरी सुचवा. मी कपाटाशी गेले, माझं सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं आणि तिच्या हातात ठेवून म्हटलं, हे तुझ्यासाठीच लिहिलंय बघ. दुसरं काही म्हटलं नाही. जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. चार दिवसांनी ती गेल्याचं कळलं.

तेव्हा मी गप्प राहिले. त्यात फारसा दोष नव्हता असं मी अजूनही म्हणेन. पुस्तकाने माणसं घर सोडत नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. पण दोन वर्षांनी दुपारच्या टपालात एक पुडकं आलं. आत तेच पुस्तक, आणि एक चिठ्ठी. "बाई, फार उशीर झाला, माफ करा. आईला सांगा मी नीट आहे. तिला लिहायला बसते पण हात होत नाही."

मी आधी शिक्का मारला. तू विचारशील, लपवायचंच होतं तर शिक्का का मारला? अगं, तेव्हा लपवायचं नव्हतं. परत आलेलं पुस्तक शिक्क्याशिवाय बाजूला ठेवणं माझ्या हातून झालंच नसतं. शिक्का मारला, चपला घातल्या आणि चिठ्ठी मुठीत धरून तडक चष्म्याच्या दुकानात गेले.

त्या एका म्हाताऱ्या बाईच्या कानामागे दांडी बसवत होत्या. मला बघून म्हणाल्या, बाई, बरं झालं आलात, तुम्हाला विचारायचंच होतं. ती तुमच्याकडे यायची. कुणाशी बोलायची हो? कुणीतरी तिच्या डोक्यात हे भरवलं. तो माणूस मला सापडू दे, मेले तरी त्याचं तोंड बघणार नाही. आणि मग मला विचारलं, तुम्ही कशाला आलात?

मी चष्मा काढला आणि म्हटलं, स्क्रू सैल झालाय.

त्यांनी तो घट्ट करून दिला. काचाही पुसून दिल्या. मी चिठ्ठी मुठीत घेऊन परत आले.

उद्या सांगू म्हटलं. मग पुढच्या शुक्रवारी. मग त्या वाचनालयात यायला लागल्या आणि मी त्यांना हसवणारे सिनेमे द्यायला लागले. आठवड्याला एक, नऊ वर्षं. मी स्वतः आधी बघायचे, त्यात कुणाची मुलगी जात नाही ना याची खात्री करून द्यायचे. त्या मला म्हणायच्या, तुमच्यामुळे दिवस निघतात. ते ऐकून मला जी शरम वाटायची ती मी तुला लिहून सांगू शकत नाही, आणि तरी पुढच्या शुक्रवारी मी नवीन डिस्क तयार ठेवायचे. त्यांना त्रास होईल म्हणून बोलले नाही असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला त्यांचा एक शब्द ऐकून घ्यायचा नव्हता.

पुस्तक फाडता आलं नाही, जाळता आलं नाही. म्हणून "देऊ नये" लिहून मागे टाकलं. ते त्यांच्याचसाठी लिहिलं होतं, पुस्तक त्यांच्या हाती पडू नये म्हणून.

चिठ्ठी आणि पुडक्याचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. आता तू त्यांना सांग. तुझ्या तोंडून सोपं जाईल.

आत्या

*

२१ जुलै

आत्या,

मी सांगणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला फळीवरच्या चिठ्ठ्या लिहवत नाहीत. तू लिहिलंस, पुस्तक तिकडे जाऊन काय करतं ते आपल्याला कळत नाही. तुला तर कळलं होतं. तुला पोस्टाने येऊन कळलं होतं.

त्या आता रोज येतात. सिनेमा घेत नाहीत, पुस्तक घेत नाहीत. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसतात, तुझं पत्र आलं असं मी सांगेन याची वाट बघत. मी नाही म्हणून मान हलवते. म्हणजे मीही खोटं बोलायला लागले, आणि चार दिवसांत मला ते झेपेनासं झालं. तू नऊ वर्षं काय केलंस, मला खरंच समजत नाही.

मी लहान असताना तू माझ्यासाठी बाबांशी भांडलीस, मला इथे चिकटवलंस, ते मी विसरले नाही. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणूनच सांगते. त्यांचा पत्ता खाली लिहिलाय. कागद आणि चिठ्ठी त्यांची आहे, तुझी नाही. माझ्याकडे पाठवू नकोस, मी फोडणार नाही. सरळ त्यांच्याकडे पाठव.

सोमवारी त्या आल्या की मी त्यांना सांगेन, आत्या तुम्हाला लिहिणार आहे. तेवढंच माझ्याकडून.

तुझी भाची

*

२ ऑगस्ट

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना,

सोबत एक कागद आणि एक चिठ्ठी आहे. आधी ती बघा. अक्षर तुम्ही ओळखाल. कागदावर पोस्टाचा शिक्का आहे, गावाचं नाव वाचता येतं. नऊ वर्षांपूर्वी हे माझ्याकडे आलं आणि मी ते तुमच्यापर्यंत पोचवलं नाही.

ते पुस्तक तिला मीच दिलं होतं. तुझ्यासाठीच लिहिलंय असंही म्हटलं होतं. तुम्ही ज्या माणसाचं तोंड बघणार नाही म्हणालात, तो माणूस त्या वेळी तुमच्यासमोर चष्मा हातात घेऊन उभा होता. मी घाबरले आणि स्क्रूचं निमित्त सांगितलं. तुम्ही चष्मा नीट करून दिलात. नंतर नऊ वर्षं तुमच्याशी दर आठवड्याला गोड बोलले.

माझ्या भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने ते पुस्तक मला आवडतं म्हणून फळीवर ठेवलं. तिला दोष देऊ नका.

माफी मागायला हवी, पण मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढं ओझंही मी तुमच्यावर घालू नये असं वाटतं. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन आणि काय बोलाल ते ऐकून घेईन. नाही बोलावलंत तर इथेच आहे.

वाचनालयात बसायची ती

*

१९ सप्टेंबर

बाई,

तुमचं पुडकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्या गावाला गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा दुकान बंद राहिलं. पोस्टात कुणाला काही आठवेना, आठवणार तरी कसं. मग मी गावातल्या चष्म्याच्या दुकानांत फिरले. मला दुसरं कुठे शिरता येत नाही, आणि तिलाही आलं नसेल असं वाटलं. चौथ्या दुकानात एका माणसाने फोटो ओळखला. ती त्यांच्याकडे काचा घासायला होती. हात चांगला होता, म्हणाला. तिच्या काचेचा काठ कधी तुटायचा नाही. मीच शिकवलं होतं तिला.

तो म्हणाला, ती नोकरी सोडून गेली त्याला आठ वर्षं झाली. कुठे ते सांगून गेली नाही. मी कागदावरच्या शिक्क्याची तारीख काढून हिशेब केला. तुमच्याकडे पुस्तक आलं त्यानंतर ती आठ महिने तिथे होती. बसने सहा तास लागतात.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. यावर आणखी काही लिहीत नाही. लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

तुम्हाला शिव्या द्यायच्या म्हणून मी हे पत्र पाच वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी एका जागी येऊन अडले. तिचं प्रवेशाचं पत्र आलं होतं, बाई. तिला मिळालं नाही, कारण ते मी काउंटरच्या खालच्या खणात, जुन्या फ्रेमांच्या खाली ठेवलं होतं. आणखी एक वर्ष राहील, मग देऊ, असं म्हणत होते. तिला ते सापडलं असावं. ती गेल्यावर खण बघितला तर पत्र नव्हतं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं असं सगळ्यांना सांगत सुटले. तुमच्या तोंडावर तेच बोलले. त्यामुळे दुसऱ्याची पत्रं दडवणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

चिठ्ठी मी दुकानात काउंटरवरच्या काचेखाली ठेवलीय. दिवसातून कितीदा वाचते ते सांगत नाही. "नीट आहे" एवढंच आहे तिच्यात, आणि तेही नऊ वर्षांपूर्वीचं. त्या गावात अजून दोन दुकानांत माझा पत्ता देऊन ठेवलाय. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

माफीचं नंतर बघू. येऊ नका. आधी एक सांगा. शेवटचे चार दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती, मीही तिच्याकडे बघत नव्हते. तिचा चेहरा मला फोटोतला आठवतो, त्या आठवड्यातला आठवत नाही. तुम्ही तिला त्या आठवड्यात बघितलंत. पुस्तक घेऊन निघाली तेव्हा तिचा चेहरा कसा होता? रडवेला होता का? हसत होती का?

*

२७ सप्टेंबर

बाई,

हसत होती, असं मी लिहिलं होतं. पाकीटही बंद केलं होतं. ते फाडून हे दुसरं लिहितेय.

मी बघितलं नाही. पुस्तक तिच्या हातात दिलं तेव्हा मी बघितलं असेन, पण ते मला आठवत नाही, मला माझंच वाक्य आठवतं. मग मी खाली मान घालून तिच्या कार्डावर लिहायला लागले. तिच्या मागे एक गृहस्थ उभे होते, त्यांना घाई होती, त्यांचं कार्ड मी हातात घेतलं. मी वर बघितलं तेव्हा ती दारातून बाहेर गेली होती. पाठही दिसली नाही.

एक मात्र ऐकलं. एरवी ती पुस्तक घेतलं की मुकाट्याने निघून जायची, तिच्या तोंडून शब्द निघत नसे. त्या दिवशी दाराशी थांबली असावी, कारण आवाज तिकडून आला. मी वर न बघताच "हो, ये" म्हटलं. आपल्याकडे निघताना जाते असं कुणीच म्हणत नाही, हे मला माहीत आहे. त्यातून काही अर्थ काढा असं मी तुम्हाला सांगत नाही, तो अधिकार मला नाही. पण तुम्ही विचारलंत, आणि माझ्याकडे तिचं शेवटचं एवढंच आहे, ते मी ठेवून घेणार नाही.

ती म्हणाली, "येते हं, बाई."